आवाज नको, ऊब राहू दे

मामंजी, आज नातवाने एक बंद पडलेला स्पीकर माझ्या पुढ्यात आणून ठेवला. घेऊन फार दिवससुद्धा झाले नसतील. मी चष्मा लावला, तो उलटा केला, सुलटा केला, कडेनं नख फिरवून पाहिलं, पण पाठीला एकही स्क्रू नाही. सगळीकडून चिकटवलेला. मी म्हटलं, "अरे, हा उघडायचा कुठून?" तर म्हणतो, "आजी, तो उघडायचा नसतोच. गेला की गेला." इतक्या सहज म्हणाला ना, की मला तुमचीच आठवण झाली. तुम्ही असतात तर आधी त्याला झापलं असतंत, मग तो बनवणाऱ्याचा उद्धार केला असतात आणि शेवटी ब्लेड घेऊन बसला असतात. मीही बसलेच. उघडला, पण उघडताना कड तुटली, आणि आत जोडण्यासारखं काही नव्हतंच, नुसता एक काळा ठिपका. मग चहा केला आणि हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यापेक्षा मीच वयानं मोठी आहे. तरी पेन उचललं आणि हात आपोआप पदराकडे गेला, बघा. डोक्यावरून पदर घेऊनच लिहिते आहे.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाची, वाडीतली. आमच्याकडे रेडिओ म्हणजे मुंबईकर मे महिन्यात आणणार, चार दिवस मिरवणार आणि बॅटरी संपली की पेटीत टाकणार. त्यामुळे लग्न होऊन महाडला आले आणि ओटीवर पाठी उघडून पडलेले रेडिओ बघितले, तेव्हा मला वाटलं, ह्या घरात धड असं काही नाहीच. तुम्ही लढाईत फौजेच्या सिग्नलमध्ये, बिनतारी खात्यात होतात, तिकडे हे काम शिकलात, परत येऊन ओटीवर बाकडं टाकलंत आणि गाव तुम्हाला मास्तर म्हणायला लागलं, हे मला सासूबाईंनी सांगितलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. तुमचा मुलगा मुंबईला गिरणीत, सणावाराला येणारा, म्हणजे घरात आपण तिघंच. आणि फळीवर तुमचा स्वतःचा तो सेट. मोठा, लाकडी, स्टेशन नीट लागलं की समोरच्या दिव्याचा हिरवा डोळा मिटून घेणारा. मुंबईच्या जुन्या बाजारातून मोडका आणून आतला एकेक तुकडा बदलत तुम्ही तो उभा केलेला. आत्याबाई म्हणायच्या, "माझी सवत हाय ती." आणि रोज सकाळी अभंग लागले की चहाचा कप घेऊन त्या सवतीच्याच पुढ्यात बसायच्या.

पावसाळा लागला आणि मला तुमचं वेड कळलं. आपल्याकडचा पाऊस तो. कोपऱ्यात ठेवलेल्या चपलांना बुरशी चढते, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीतली एक काडी पेटेल तर शपथ. सावित्रीचं पाणी बाजारात शिरायला लागलं की लोक आधी तांदूळ माळ्यावर चढवायचे आणि तुम्ही आधी लोकांचे रेडिओ. तुमचं म्हणणं एकच. रेडिओ वाजून मरत नाही, ठेवून मरतो. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापले की पेटीतली ओल निघून जाते, म्हणून पावसाळ्यात सेट रोज दिवेलागणीला लावलाच पाहिजे, मग ऐकायला घरात कुणी असो वा नसो. दुरुस्त झालेला सेट न्यायला आलेल्या माणसाला हे ऐकवल्याशिवाय तुम्ही ओटीवरून उतरू द्यायचा नाहीत. "ऐकू नको हवं तर, पण लाव. ऊब दे त्याला. काय सांगतोय मी?" लोक होय होय म्हणायचे आणि घरी जाऊन सेट चादरीत गुंडाळून कपाटात ठेवायचे, कारण महागाची वस्तू, झिजायला नको! मग गणपतीला बाहेर काढायचे तर तो मुका. शिवथरच्या खोऱ्यातला एक म्हातारा तेवढा तुमचं अक्षरशः ऐकणारा. त्याच्याकडे वीज नाही, सेट बॅटरीचा, तो कितीसा तापणार? तुम्ही त्याला म्हणालात, चुलीवरच्या फळीवर ठेव. त्यानं ठेवला, सुक्या बोंबलांच्या शेजारी. पुढच्या साली सेट घेऊन आला तर ओटीखाली मांजरं जमली. पण वाजत होता! "वास येतो मास्तर," तो म्हणाला, "पन बातम्या पन येतात." तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला आणि मला पाणी घेऊन धावावं लागलं.

आणि मी काय केलं होतं? त्याच पहिल्या पावसाळ्यात, रोज दुपारी सुई हातात धरून, तुमच्या सेटला एक झूल शिवली. जाड कापड, चहू बाजूंनी वेलबुट्टी, मधोमध मोर. माहेरी माझ्या हाताची कौतुकं व्हायची, म्हटलं सासऱ्यांनाही कळू दे सून काय आणलीय ती. तुम्ही बाहेरून आलात, बघितलंत आणि झूल ओढून काढलीत. ओटीवर गिऱ्हाईक बसलेलं, तरी ओरडलात, "गुदमरेल तो! पाठीला भोकं कशाला असतात? तुला गोधडीत गुंडाळून बसवलं तर चालेल काय गो?" मी मोरीत जाऊन रडले. रागाने म्हणत होते, माणसांपेक्षा डबा मोठा ह्या घरात. आत्याबाई माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "मला पन असंच करायचे. तू झूल ठेव कपाटात, चांगली हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला बाकड्याशी बोलावलंत. मला वाटलं आता आणखी ऐकायचं. तुम्ही तुमचं छोटं सोल्डरिंग आयर्न, तारांना कथलाचा डाग द्यायचं, माझ्या हातात दिलंत, आणि म्हणालात, "एवढी बारीक सुई धरतेस, तर हे पण धरता येईल." माफी मागायची तुमची ही तऱ्हा! मी हात भाजून घेतला, पण खाली ठेवलं नाही.

त्यानंतर दुपारची भांडी झाली की मी बाकड्याशी. आधी गावात कुजबुज झाली की मास्तरांनी सुनेला कामाला लावलंय, मग लोकांना सवय झाली. तुम्ही शिकवायचात म्हणजे काय, नुसतं चिडायचात. डाग दिला की तो परत काढायला लावायचात. म्हणायचात, उद्या दुसऱ्या कुणी हा उघडला तर त्याला शिव्या द्याव्याशा वाटता कामा नयेत. मला तेव्हा हसू यायचं, कुठला दुसरा, महाडात दुसरा होता कोण? आज मी कुणाचंही काही उघडते तेव्हा तो दुसरा कोण ते मला कळतं. असो. सेट दुरुस्त झाला की तुम्ही तो घटकाभर चालू ठेवायचात आणि पेटीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहायचात. ऊब धरली की मान हलवायची, मगच गिऱ्हाइकाला निरोप.

तुम्हाला त्या शेवटच्या आषाढात कुणी फिरायला सांगितलं होतं, मामंजी? छत्री घेऊन संध्याकाळी घरोघर जायचं आणि दारातून विचारायचं, "लावला काय रे?" बाजारपेठेतून, तळ्याच्या बाजूनं, मोहल्ल्यातून, गुडघाभर पाण्यातून. पोरंटोरं मागून चिडवायची, मोठी माणसं गालात हसायची. पण एक सांगते, त्या वर्षी खरंच घराघरांतून दिवेलागणीला रेडिओ लागत होते. तुम्ही जिंकत आला होतात. आणि नेमकी तेव्हाच छातीत सर्दी बसली. डॉक्टर दोनदा येऊन गेले. शेवटच्या संध्याकाळी तुम्ही खाटेवर डोळे मिटून पडला होतात, मी कंदिलाची काच पुसत होते, वीज जायची ना सारखी. तुम्ही विचारलंत, "लावला काय गो?" मी म्हटलं, "लावते हो." लावला तर गाण्याचा आवाज तुम्हाला सोसेना. मी बंद करायला गेले तर हातानं थांबवलंत. "आवाज नको. ऊब राहू दे." मग मी आवाज अगदी बारीक केला, इतका की नुसता हिरवा डोळा तेवढा दिसत राहिला. माझ्याशी शेवटचं बोललात ते तेवढंच.

आणि मग काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून तर लिहितेय. तुम्ही गेलात आणि गावानं रेडिओ बंद केले. सगळ्यांनी! कुणी ठरवलं नाही, कुणी सांगितलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण आत्याबाईंना हेच सांगायचा. "मास्तरांसाठी बंद ठेवलाय, तेरावा होईपर्यंत बटणाला हात लावणार नाय." मोहल्ल्यातले कापडवाले चाचा आले, डोळे पुसत म्हणाले, "आमच्या आळीतपण बंद हाय भाभी, पोरांना ताकीद दिली हाय." एस.टी. स्टँडजवळचा हॉटेलवाला, ज्याचा रेडिओ पहाटेपासून बोंबलायचा, त्यानेसुद्धा त्यावर फडकं टाकलं होतं. मी आतल्या खोलीत बायकांत बसलेली. भर आषाढ. दिवेलागण झाली की मी कान द्यायची, तर बाहेर पावसाचा आवाज तेवढा. ज्या माणसानं जन्मभर बंद ठेवू नका म्हणून घसा कोरडा केला, त्याच्या मानासाठी अख्खं गाव आपापले रेडिओ मारत होतं, आणि रडून मला सांगत होतं. मला हसू येत होतं आणि हुंदका येत होता, आणि बायका म्हणत होत्या, सुनेचा केवढा जीव होता.

गप्प नाही बसले मी. तुमच्या मुलाला आत बोलावून म्हटलं, "लोकांना सांगा ना, लावा म्हणून. मामंजींना हेच हवं असतं." ते म्हणाले, "वेड लागलंय काय तुला? लोक बाबांना मान देतायत, तो मी नको म्हणू?" खरं होतं त्यांचं, कुठल्या तोंडानं सांगणार? मग आत्याबाईंना विचारलं. निदान आपला. आवाज नको, तसाच बारीक ठेवून. त्या म्हणाल्या, "डोळा दिसतो गो त्याचा रस्त्यावरून. वरीसभर घरात रेडिओ लागायचा नाय." आणि उठून कपाटाशी गेल्या, माझी ती झूल काढली, मोराची, आणि दोन्ही हातांनी सेटवर घातली. नीट ओढून, मागूनसुद्धा. "तुझ्या हातची हाय," म्हणाल्या, "आता तरी ते नाय ओरडायचे." मला त्यांचा राग यावा असं खूप वाटलं, पण झुलीची सुरकुती त्या पुन्हा पुन्हा तळहातानं सारखी करत होत्या.

तेराव्या दिवशी संध्याकाळी गावानं एकदम बटणं फिरवली. काही वाजले, काही खरखरले, काहींतून धूर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीसमोर छत्र्याच छत्र्या, आणि प्रत्येकाच्या काखेत चादरीत गुंडाळलेला सेट. पहिला हॉटेलवाला. म्हणाला, "मास्तर गेले आणि त्याचा पन जीव गेला बघ." मी पाठ उघडली, ओलीनं कंडेन्सर फुगून फुटलेला. म्हटलं, "मान दिलात ना? आता कंडेन्सर द्या." तो काही समजला नाही, पण मी त्याच्यावर का तडकले म्हणून आत्याबाई आतून बघत होत्या. तुमच्या बाकड्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा एकटी बसले. दुरुस्त केलेला सेट लावून बघायला नको? हात थांबला माझा, दुखवट्याचं घर. तर आत्याबाईच म्हणाल्या, "वाजव. ते काम हाय, गाणं नव्हे." मग वर्षभर आपल्या ओटीवर साऱ्या गावाचे रेडिओ वाजले, मामंजी. भजनं, बातम्या, सिनेमाची गाणी, सगळं. ते ऊब धरून आपापल्या घरी गेले, आणि पलीकडे चार हातांवर, आतल्या फळीवर, तुमचा स्वतःचा सेट झुलीखाली भिजत राहिला. त्यानंतर मी आत्याबाईंना दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी त्या उठून गेल्या. मग मी विचारणं सोडलं.

वर्षश्राद्ध झालं, पुन्हा आषाढच. माणसं पांगल्यावर आत्याबाईंनी स्वतः झूल काढली, घडी घातली, चहाचा कप घेतला आणि त्यांच्या जागेवर बसल्या. "लाव गो आता." मी म्हटलं, आधी उघडून बघू दे. पाठ उघडली आणि मला तुमचं तोंड आठवलं. आत पांढरी बुरशी, ट्रान्सफॉर्मरची तार हिरवी पडलेली, पेटीचं लाकूड पापुद्र्यांनी सुटलेलं. आठवडाभर मी तो पुसला, वाळवला, बल्बच्या उबेत ठेवला, जमेल ते बदललं. आणि मग लावला. हिरवा डोळा उघडला, मामंजी! खरंच उघडला. आत्याबाईंनी हात जोडले. घुर्र असा आवाज आला, मग जळका वास, आणि डोळा विझला तो विझला. आत्याबाई कप हातात धरून तशाच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी बंद ठेवला म्हणून झालं काय?" मी म्हटलं, "नाही हो आत्याबाई, जुना झाला होता तो." त्या म्हणाल्या, "खोटं बोलू नको. ते ओटीवरून साऱ्या गावाला ओरडायचे, मी काय बहिरी होते?" मग कप खाली ठेवला. आणि मग म्हणाल्या, "पन गो, माणूस गेल्यावर घर गप नाय झालं, तर तो गेला हे घराला कसं कळायचं?"

मी पाठीचे स्क्रू परत बसवले. तुमचा मुलगा म्हणाला, मुंबईहून ट्रान्सफॉर्मरची तार नव्यानं गुंडाळून आणतो, तर आत्याबाईंनी नको म्हटलं. राहू दे तसाच. पुढे मी त्यांच्यासाठी दुसरा रेडिओ आणला, पण त्याच्यापुढे त्या कधी चहा घेऊन बसल्या नाहीत, चुलीशीच प्यायच्या. त्या गेल्यावर मी मनावर घेतलं, तर तोवर घरोघर ट्रान्झिस्टर आलेले. तुमच्या सेटचे व्हॉल्व्ह शोधत मी मुंबईला दुकानं पालथी घातली. दुकानदार हसून म्हणाले, बाई, कुठल्या काळात आहात? तेव्हा कळलं की वस्तू मरते ती निराळी आणि तिचे सुटे भाग मिळेनासे होतात ते निराळं. पहिल्यावर इलाज होता, तो आपण वेळेवर केला नाही. लोक मला अजून विचारतात, जुने रेडिओ इतके टिकायचे कसे हो? जशी काही ती लाकडाची पुण्याई. मी सांगते, छत्री घेऊन गुडघाभर पाण्यातून एक माणूस विचारायला यायचा, लावला काय म्हणून. त्यांना ती थट्टा वाटते.

आता बाहेर अंधारून आलंय, पावसाचाच अंधार. हे पत्र टाकायचं कुठं? मला वाटलं, तुमच्या सेटची पाठ उघडून आत ठेवून द्यावं. उठलेसुद्धा, स्क्रू काढले. त्याला स्क्रू आहेत, तेवढं बरं. पण कागद आत सरकवता सरकवता थांबले. कागद ओल धरतो. तुम्ही ओरडला असतात. म्हणून ते माझ्या उशीखालीच राहील. आणि एक राहिलं, घरात कुणाला सांगितलेलं नाही. आत मी एक छोटा बल्ब बसवलाय. पावसाळ्यात रोज दिवेलागणीला तो लावते. त्यातून काही ऐकू येत नाही, यायचंही नाही. घटकाभरानं पेटीच्या डोक्यावर हात ठेवते, आणि ऊब धरली की पदर सावरून हळूच म्हणते, लावला हो, मामंजी.